केनियाच्या अरण्यात सेवेस जाताना

प्रश्न : माझी कन्या वन्यजीवसेवेसाठी महिनाभर केनियास निघाली आहे. निळ्या जीन्स, प्लास्टिकच्या पिशव्या असे सामान बांधले आहे. पीतज्वराची लस केनिया भारतीयांकडे मागत नाही, म्हणून घेतली नाही. हे योग्य ना?
— एक माता, सातारा

उत्तर : भगिनी, आपली चिंता रास्त आहे, परंतु लसीचा विचार केवळ जाण्यापुरता करून भागत नाही, कारण केनियाहून परतणाऱ्याकडे भारतातील विमानतळावर तिचा दाखला मागितला जातो आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याचा प्रसंग येतो. तेव्हा प्रयाणापूर्वी किमान १० दिवस शासनमान्य केंद्रात ती टोचून घ्यावी. दाखला आजन्म ग्राह्य राहतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. प्लास्टिकच्या पिशव्यांना तेथे २०१७ पासून मनाई आहे, सबब कापडी थैल्या न्याव्यात. गडद निळ्या रंगाकडे चावणारी त्सेत्से माशी आकृष्ट होते, म्हणून निळ्या जीन्स टाळाव्यात. फिकट खाकी, पूर्ण बाह्यांचे कपडे उत्तम.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : सेवा विनावेतन असली तरी ती पर्यटकाच्या परवान्यावर करता येत नाही, म्हणून रीतसर परवान्याविषयी संस्थेचा लेखी खुलासा हाती आल्यावाचून कन्येस पाठवू नये. आणि वन्य पिलांना कुरवाळण्याचे आमिष जी संस्था दाखवते, तिच्याकडे तर मुळीच नको.