अध्याहृत शब्द आणि संगणक

"भाकरी टोपलीत आहे. खाल्लीस का?" दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही, कर्मही नाही, व्याकरणात ते अध्याहृत होत. संगणकाने ते ओळखावेत कसे? 'स'वरून कर्ता 'तू' कळतो. 'ली'वरून कर्म स्त्रीलिंगी ठरते. पण भाकरी आणि टोपली दोन्ही स्त्रीलिंगीच! खातात ती भाकरी, हे व्यवहारज्ञान यंत्रास निराळे द्यावे लागते. २०१० साली संशोधकांनी शेरलॉक होम्सच्या इंग्रजी कथांवर अशी स्पर्धा घेतली. यंत्रांना फारच थोडे अध्याहृत शब्द सापडले.

नागपुरात आमच्या घरी, शाळा न पाहिलेली आई 'खाल्ली का?' एवढेच म्हणते. 'स' गेला, कर्त्याची खूण गेली. तरी मला कळते. मित्रहो, यंत्राला केवळ पुस्तकी मराठी शिकवली, तर आईचा प्रश्न कोणाला, हे त्यास उमगणार नाही.