रूळ, डोंगर आणि पनवेल–कर्जत लोकल

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या थोडा जास्त वेळ थांबतात. बटाटेवडा खायला तेवढी सवड मिळते; पण गाडी थांबते ती वड्यासाठी नव्हे. गाडीच्या मागे तेथे जादा इंजिने जोडतात. रेल्वेतील लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे बोरघाट आहे, आणि त्याचा चढ काही ठिकाणी ३७ ला १ इतका आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. सायकलवाल्याला हा चढ फारसा मोठा वाटणार नाही. मग इतक्या बलाढ्य आगगाडीला तो का जड जावा?

याचे उत्तर आगगाडीच्या सर्वांत मोठ्या गुणातच दडलेले आहे. पोलादी चाक पोलादी रुळावरून लोळताना घर्षण अत्यंत कमी होते. सपाट मार्गावर गाडी हळू ओढत नेण्यास तिच्या वजनाच्या सुमारे ०.००२ पट बल पुरते. डांबरी रस्त्यावरील रबरी चाकाला याच्या पाच-सहापट लागते. आता चढाचे गणित करू. ३७ ला १ या चढावर वजनाचा १/३७ भाग, म्हणजे ०.०२७ पट बल गाडीला मागे खेचते. हे सपाटीवरील विरोधाच्या तेरापटींहून अधिक झाले! सपाटीवरचा विरोध नगण्य असल्यामुळेच आगगाडीला चढ एवढा जाणवतो.

समजा, इंजिनासह गाडीचे वजन १००० टन आहे. या चढावर तिला ओढण्यास २७ टन अधिक घर्षणाचे २ टन, एकूण २९ टन वजनाइतके बल हवे. इंजिनाचे वजन १२० टन धरू. कोरड्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पावपट धरली, तर ते जास्तीत जास्त ३० टन वजनाइतके बल लावू शकेल. त्याहून जास्त लावले तर चाके जागच्या जागी फिरतील. म्हणजे काम जेमतेम भागते. आणि पाऊस आला की पकड ०.१५ वर येते असे धरा: १८ टन! इंजिनात कितीही अश्वशक्ती असो, रूळ ओले असताना तिचा उपयोग नाही. म्हणून रुळावर वाळू सोडतात, आणि म्हणूनच बँकर लागतात.

लोकलची रचना याहून शहाणपणाची आहे. तिला वेगळे इंजिन नसते. बारा डब्यांच्या लोकलमध्ये सामान्यतः चार मोटार डबे असतात. गाडीचे सुमारे एक तृतीयांश वजन चालक चाकांवर पडते, त्यामुळे पकड मोठी आणि वेग चटकन वाढतो. ‘वंदे भारत’ गाडीतही मोटारी अशाच अनेक डब्यांत वाटलेल्या आहेत. ती २०२३ पासून सोलापूरकडे जाताना बँकरशिवाय घाट चढते.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. कर्जतच्या बाजूने लोणावळ्यापर्यंत सुमारे ५५० मीटर चढावे लागते. १००० टनांची गाडी तेवढी वर नेण्यास ५५० कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे १५३० युनिट वीज लागते. तीच गाडी सपाटीवर २८ किलोमीटर नेण्यास घर्षणापोटी ५६ कोटी ज्यूल, अवघी १५५ युनिट! (हवेचा विरोध आणि यंत्रातील नाश येथे सोडून दिला आहे.) गंमत अशी की, याच सह्याद्रीवरील तलावांचे पाणी खाली सोडून खालापूर तालुक्यातील खोपोलीला १९१५ पासून टाटांची वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. उंची साधारण तेवढीच असल्याने एक गाडी घाट चढवायला जवळजवळ गाडीच्या वजनाइतकेच पाणी खाली पडावे लागते!

एवढे कळले की नव्या पनवेल–कर्जत उपनगरी मार्गावर बोगदे का, हे सांगावे लागत नाही. चौक आणि कर्जत यांच्यामध्ये डोंगर आडवा येतो. त्यावर चढणे महाग, वळसा घालणे लांब. राहिला मार्ग डोंगराच्या पोटातून. वावर्ले येथील बोगदा सुमारे २६२५ मीटर लांब आहे. मुंबईच्या उपनगरी जाळ्यात यापूर्वी पारसिकचा बोगदा सर्वांत लांब होता, सुमारे १.३ किलोमीटर. बोगद्याला एकदाच पैसा लागतो. चढाला रोज, प्रत्येक गाडीमागे वीज लागते.

मार्ग २९.६ किलोमीटरचा, दुहेरी. स्टेशने पाच: पनवेल, चिखले, मोहपे, चौक आणि कर्जत. मुंबईहून कल्याणमार्गे कर्जत १०० किलोमीटर आहे. पनवेलमार्गे ते ७९ च्या आत येते. स्टेशनांतील सरासरी अंतर ७.४ किलोमीटर आहे, हेही ध्यानात घ्या. ६०० टनांची लोकल ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात १२ कोटी ज्यूल, म्हणजे ३३ युनिट गतिज ऊर्जा असते. साधे ब्रेक दाबले की तिची उष्णता होते. दर दीड-दोन किलोमीटरला थांबणाऱ्या लोकलचा मुख्य खर्च हाच! नव्या लोकलमध्ये थांबताना मोटारीच जनित्राचे काम करतात आणि यातला काही भाग तारेत परत जातो.

या योजनेला केंद्र सरकारने डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजुरी दिली, तेव्हा खर्च धरला होता २७८२ कोटी रुपये. निम्मा रेल्वेचा, निम्मा राज्याचा. किलोमीटरला ९४ कोटी पडले. मुंबईची भुयारी मेट्रो ३ ही ३३.५ किलोमीटरची, सुधारित खर्च ३७,२७६ कोटी. म्हणजे किलोमीटरला ११०० कोटींहून जास्त. वस्ती दाट होण्याआधी रूळ टाकले तर ते किती स्वस्त पडतात, ते येथे दिसते.

पण हा पैसा तिकिटातून निघेल का? वर्षाला ८ टक्के व्याज धरले तर ते २२२ कोटी, म्हणजे दिवसाला ६१ लाख रुपये होते. रोज एक लाख प्रवास झाले असे समजा, तर प्रत्येक प्रवासामागे ६१ रुपये नुसते व्याजाचे! तीन लाख झाले तर २० रुपये. लोकलचे भाडे एवढा बोजा उचलू शकत नाही. मग लाभ जातो कोठे? काही प्रवाशांच्या वाचलेल्या वेळात, काही रस्त्यावरून कमी झालेल्या मोटारींत, आणि फार मोठा भाग स्टेशनाजवळच्या जमिनीच्या भावात. रूळ सगळ्यांच्या पैशाने पडतात आणि भाव मात्र मोजक्यांच्या पदरी पडतो. त्यातला वाटा सरकारने घेऊन गावांच्या पाण्यावर आणि गटारांवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक प्रश्न जमिनीचाच. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भातसंशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती तेथे निघाल्या. भातखाचरावर एकदा इमारत उभी राहिली की तेथे पुन्हा खाचर होत नाही. स्टेशनाभोवती उंच आणि दाट वस्ती होऊ देणे व बाकीची शेते राखणे रूळ असले तर जमू शकते. कारण चालत स्टेशन गाठता येईल तेवढ्याच परिघात लोकांना राहावेसे वाटते. नियम ढिले असले तर तेही जमत नाही.

करून पाहा: रुळाच्या कडेला चढ-उताराचे आकडे लिहिलेले छोटे खांब असतात. फलाटावरून किंवा गाडीच्या खिडकीतून ते वाचा (रुळावर मात्र उतरू नका). एखाद्यावर १०० लिहिले असेल, तर ६०० टनांच्या लोकलला तेथे चढापोटी किती बल जास्त लागेल? घर्षणाच्या किती पट? आणि दर दहा मिनिटांना ३००० प्रवाशांची एक लोकल सुटली, तर तासाला जितके लोक जातील तितक्यांसाठी महामार्गाच्या किती मार्गिका लागतील? एका मार्गिकेवरून तासाला २००० मोटारी आणि मोटारीमागे दीड माणूस धरा.