आधी दार, मग धार

ऐक माय. पाऊस लागला की तू तो नवा दणकट वॉटरप्रूफ कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडणार, हे मला इथं आसेगावात बसूनही कळतं. हिंड खुशाल. फक्त एवढं ध्यानात ठेव, की असा कॅमेरा सहसा पाण्यानं मरत नाही, बॅटरीच्या दारानं मरतो. खालचं बरंचसं त्या दाराभोवतीच फिरतं. मधेच टोचून बोललो तर मामाचा हक्क समज.

१. खोक्यावरचे आकडे आधी वाच — वॉटरप्रूफ सगळे सारखे नसतात. ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, बहुतेक गोप्रो हिरो वेगळ्या डबीशिवाय १० मीटरपर्यंत, आणि आयपी६७ लिहिलेला फोन १ मीटर पाण्यात अर्धा तास, बस्स.

२. आयपीएक्स८ हा बुडवण्याचा दाखला आहे, जोरदार धारेचा नाही — म्हणून पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याखाली हात लांबवून कॅमेरा धरायचा नाही. मुठीत घेऊन उंचावरून उडीही मारू नको, आपटताना पाण्याचा दाब आकड्यापलीकडे जातो.

३. बॅटरी आणि कार्ड रात्रीच घरी घालून ठेव, कोरड्या खोलीत, पंखा बंद करून — पंख्यानं उडालेला एक केसही रबराखाली गेला की पाण्याला वाट मिळाली. झाकणाची घाई, पाण्याची भरपाई.

४. दार लावण्याआधी आतलं रबरी पॅकिंग उजेडात धरून बघ, बोट फिरवून बघ — कुकरच्या रिंगेसारखंच त्याचं काम. कण अडकला की दाब तिथूनच फुटतो.

५. पॅकिंग पुसायला कापूस किंवा टॉवेल नको, चष्म्याचं मऊ फडकं घे — टॉवेलचे तंतू मागे राहतात, आणि तंतू म्हणजे पाण्याची पायवाट.

६. खोबरेल, व्हॅसलीन, सॅनिटायझर यांतलं काही रबराला लावू नको — रबर फुगतं नाहीतर चिरतं. कंपनीच्या पुस्तिकेत ग्रीस लावा म्हटलं असेल तरच, आणि तेही त्यांचंच.

७. डासांचं मलम चोळलंस तर हात धुऊन मगच कॅमेरा धर — त्यात डीट नावाचं औषध असेल तर ते काही प्लॅस्टिक विरघळवतं. डासापासून वाचलीस आणि बटणं गमावलीस, असं व्हायला नको.

८. खटका लावला की दुसरा खटका, म्हणजे लॉक, तोही लाव आणि अंगठ्यानं दाबून बघ — पहिला ‘टक्’ कानाला फसवतो. डोळ्यानं बघितलं ते दार, कानानं ऐकलं ते वारं.

९. तरंगणारा पट्टा घे, तोही भडक केशरी, आणि घरच्या बादलीत कॅमेऱ्यासकट टाकून बघ — टीजी-७ चं वजन बॅटरी धरून पाव किलोच्या घरात भरतं, सगळेच पट्टे ते पेलत नाहीत. आपल्या गढूळ नदीत बुडालेली वस्तू हातभरावर असूनही दिसत नाही.

१०. त्याच बादलीत कॅमेरा थोडा वेळ ठेवून बुडबुड्यांची सरळ ओळ निघते का ते पाहा — निघाली तर हवा बाहेर येतेय, आणि हवेच्या वाटेनंच पाणी आत जातं.

११. खोक्यावरचा थंडीचा उणे १० अंशाचा आकडा पाहून फुशारू नको, वरचा आकडा बघ. टीजी-७ ला तो ४० आहे — आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्यावर जातो. कॅमेरा गाडीच्या काचेखाली कधी टाकू नको, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेव.

१२. उन्हानं तापलेला कॅमेरा थेट थंड पाण्यात बुचकळू नको, आधी सावलीत निवू दे — आतली तापलेली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. तापल्या अंगाला गार पाणी माणसालाही बाधतं, तुझी मामी सांगेलच.

१३. नदीकाठी, धुक्यात, पावसात दार उघडायचंच नाही — दमट हवा आत कोंडली की गार होताच भिंगाच्या आतून वाफ धरते, आणि ती बाहेरून पुसता येत नाही.

१४. मृग लागला की वावरात वाकून बघ; लाल मखमली मृगाचा किडा टिपायला हाच कॅमेरा बरा — टीजी-७ चं भिंग १ सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट पकडतं. मात्र सावली किड्यावर पडणार नाही अशी बस, फोटो काळा येतो.

१५. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट ठिपक्याएवढं दिसलं तर रागावू नको, आणि त्याच्या मागंही धावू नको — या कॅमेऱ्यांची झूम मुळातच तोकडी, टीजी-७ ची चारच पट. काळवीट पळालं की तुझा फोटो गेला, त्याचं चरणंही गेलं.

१६. घरटं किंवा पिल्लं टिपलीस तर फोटो पाठवण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढून टाक — हौशी माणसाला पाठवलेला पत्ता शिकाऱ्याच्याही फोनवर पोचतो.

१७. गढूळ पाण्यात फ्लॅश बंद ठेव आणि जवळ जा — उजेड गाळाच्या कणांवर आपटून परत येतो, फोटोत नुसते पांढरे ठिपके दिसतात.

१८. कधी तारकर्लीला समुद्रात उतरलीस तर ‘अंडरवॉटर’ मोड लाव — पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, काही मीटरखाली लाल मासाही करडा दिसतो.

१९. पुलावरून पाणी वाहत असेल तर फोटो अलीकडूनच काढ — पंधरा मीटरचा दाखला कॅमेऱ्याला आहे, तुला नाही. नाल्याचा पूर ओसरतो, गेलेलं माणूस परत येत नाही.

२०. चिखल लागला तर वाळण्याआधी धू, आणि धुण्याआधी पुसू नको — काळ्या मातीतले खडे काचेवर ओरखडे पाडतात. आधी धू, मग पूस; उलट केलंस तर बस मुसमूस.

२१. समुद्राचं किंवा लोणारच्या सरोवराचं पाणी लागलं तर दार बंद ठेवूनच दहा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेव आणि बटणं दाबत राहा — एक खारं आणि दुसरं खारंही, अल्कधर्मीही. वाळलं की बटणाच्या फटीत मीठ धरतं.

२२. पंक्चरवाल्याकडची हवा मारून कॅमेरा वाळवायचा नाही, नळाची जोराची धारही नको — माइकच्या बारीक छिद्रामागचा पडदा फाटतो. पाणी हलकेच झटक, फडक्यावर पालथा ठेव.

२३. दोन-सव्वादोन मीटरवरून पडला तरी चालेल असं लिहिलेलं असो. दगडावर पडल्यावर पुन्हा बादलीची परीक्षा घे, मगच नदी — धक्क्यानं दाराची कड जरा सरकली तरी बाहेरून दिसत नाही.

२४. आत पाणी गेलंच तर चालू करून बघण्याचा मोह आवर, बॅटरी काढ आणि दुरुस्तीवाल्याकडे ने — ओल्या सर्किटात वीज गेली की उरलंसुरलंही जळतं. तांदळाच्या डब्यात खुपसू नको. तांदूळ पिठी सोडतो आणि ती नेमकी पॅकिंगवर बसते.

२५. पॅकिंग वर्षातून एकदा बदलून घे, पावसाळ्याच्या तोंडावर — रबर दिसायला धड असलं तरी आतून कडक होतं. कॅमेऱ्याच्या मानानं हा खर्च किरकोळ, पण टाळायचा झाला की प्रत्येकाला हाच सापडतो.

२६. घरी आलीस की फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरव — कॅमेरा पाण्यातून वाचतो, पण एसटीच्या बाकावर विसरला तर कुठलं पॅकिंग कामाला येणार?

आता एवढं लांबलचक पाठ होणार नाही, ठाऊक आहे मला. तिसरा, चौथा आणि आठवा मंत्र कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाक. एकोणिसावा मात्र लिहू नको, तो तोंडपाठच हवा. दिवाळीला आलीस की विचारणार आहे.