आगानोच्या काठी

नदी ही काठच्या माणसांची अन्नदात्री होय. जपानच्या होन्शू बेटावरील आगानो ही अशीच एक नदी. सुमारे 210 किलोमीटरांचा प्रवास करून ती निइगाता शहरापाशी जपानच्या समुद्रास मिळते. तिच्या खालच्या अंगास राहणारे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात जाळी टाकीत आले होते. शेतकऱ्याच्या घरी जसा भाजीपाला, तशी त्यांच्या घरी नदीची मासळी. ती ताजी होती, रुचकर होती आणि तिला मोल पडत नव्हते.

1964 च्या सुमारास या वस्तीत एक विचित्र आजार दिसू लागला. धडधाकट माणसांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना त्यांचा तोल जाई, बोलणे अडखळे, आणि नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढेच दिसे. जानेवारी 1965 मध्ये त्सुबाकी तादाओ या मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाने अशा एका रुग्णास तपासले. रुग्णाच्या केसांत पारा आढळला. जून महिन्यात ही गोष्ट जाहीर झाली आणि सारा जपान हादरला. कारण हा आजार त्या देशास नवा नव्हता.

दक्षिणेकडील मिनामाता गावी 1956 मध्येच तो उघडकीस आला होता. तेथील खाडीत एका कारखान्याचे सांडपाणी जात असे. पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगामुळे हा रोग होतो, असे कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1959 मध्ये सांगितले होते. आगानोच्या वरच्या अंगास, मुखापासून सुमारे 60 किलोमीटरांवर, कानोसे येथे शोवा देन्को कंपनीचा तशाच पद्धतीचा कारखाना होता. अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करताना तेथेही पारा वापरीत. इशारा मिळूनही त्याचे सांडपाणी नदीत पडतच राहिले. ते उत्पादन 1965 च्या आरंभी थांबले, पण तोवर व्हायची ती हानी होऊन गेली होती.

नदीच्या एवढ्या पाण्यात विष विरून का गेले नाही? याचे उत्तर निसर्गाच्या अन्नसाखळीत आहे. कारखान्यातून बाहेर पडणारा मिथिल पारा पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या शरीरात शिरतो. त्यांना किडे व लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात. खाल्लेले अन्न पचून जाते, पण पारा सहजासहजी बाहेर पडत नाही. तो साठत जातो. अशा रीतीने पायरीपायरीने वाढत मोठ्या शिकारी माशात त्याचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा लक्षावधी पट होऊ शकते. या साखळीच्या शेवटी माणूस बसलेला असतो.

हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. ते माशाच्या मांसातच बांधले गेलेले असल्याने धुऊन, सोलून किंवा शिजवून जात नाही. माणसाच्या शरीरात गेल्यावर ते मेंदूस इजा करते, आणि मातेच्या उदरातील बालकापर्यंतही पोहोचते. म्हणूनच केसांत पारा अधिक आढळलेल्या स्त्रियांस तूर्त मूल होऊ देऊ नका, असे निइगातात सांगावे लागले. एका कारखान्याच्या सांडपाण्याने घराघरांतील पाळणे रिते ठेवावे, याहून मोठे दुःख कोणते?

कंपनीने दोष नाकारला. 16 जून 1964 रोजी निइगातात मोठा भूकंप झाला होता. त्या वेळी गोदामांतील शेतीची औषधे नदीत वाहून गेली, असे तिचे म्हणणे होते. परंतु कारखान्याच्या सांडपाण्याच्या मुखाशी वाढलेल्या शेवाळात मिथिल पारा सापडला. वर वर्षानुवर्षे मुकाटपणे विष पिणारे ते शेवाळच जणू साक्षीला उभे राहिले. 1967 मध्ये पीडित कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली. 29 सप्टेंबर 1971 रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्याय मिळाला; परंतु गेलेली दृष्टी आणि गेलेला तोल कोणत्याही न्यायालयास परत देता आला नाही. निइगातात पुढे सातशेहून अधिक माणसे या रोगाची रुग्ण म्हणून मान्य झाली.

पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला. त्यास मिनामाताचे नाव देण्यात आले, आणि 2018 मध्ये भारतानेही त्यास मान्यता दिली. मासा हे उत्तम अन्न आहे. दोष माशाचा नव्हे, माशाच्या घरात विष ओतणाऱ्याचा आहे. नदीत जे टाकावे, ते एक ना एक दिवस ताटात परत येते. आगानोच्या काठच्या माणसांनी हे सत्य फार मोठी किंमत देऊन जगास शिकविले.

स्वाध्याय

1. मोठ्या माशात पाऱ्याचे प्रमाण अधिक का असते?
2. शेवाळ साक्षीला उभे राहिले, असे का म्हटले आहे?
3. ‘न्याय मिळाला, परंतु...’ या वाक्यातील दुःख आपल्या शब्दांत सांगा.
4. वाक्यांत उपयोग करा : दाद मागणे, आळा घालणे, उघडकीस येणे.