तहाची सही व शेवटची गोळी
ता. ११ नोव्हेंबर १९१८ ह्या एका दिवसाचा अभ्यास

भांडण मिटले असे ज्या घटकेस ठरते, त्याच घटकेस ते मिटते काय? प्रश्न सोपा दिसतो, आणि पुष्कळजण विचार न करिता 'होय' म्हणतील. परंतु पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसाकडे लक्षपूर्वक पाहिले, म्हणजे ह्या उत्तराविषयी मनात मोठी शंका उत्पन्न होते.

तो दिवस सोमवार होता. पुष्कळ देशांत आजही ११ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजता लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून मृतांचे स्मरण करितात. त्या तारखेस शांती झाली हे सर्वांस ठाऊक आहे. पण तहकुबीवर सह्या होऊन गेल्यावरही त्या सकाळी लढाई चालू होती, आणि त्या एका दिवसात पश्चिमेकडील आघाडीवर दोन्ही पक्षांची मिळून सुमारे २,७०० माणसे मेली व आठ हजारांच्या आसपास जखमी किंवा बेपत्ता झाली असा अंदाज आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. हे कसे घडले ते ह्या पाठात आपण क्रमाने पाहू.

१. त्या दिवशी रणांगणे कोठे होती?

युद्ध १९१४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस पेटले व चार वर्षांत अनेक खंडांत पसरले. १९१८ च्या शरद ऋतूत मात्र एकेक आघाडी थंड होत गेली. २९ सप्टेंबर रोजी बल्गेरियाने, ३० ऑक्टोबर रोजी तुर्कस्थानाने आणि ३ नोव्हेंबर रोजी ऑस्ट्रियाने युद्धतहकुबीवर सह्या केल्या.

तुर्कस्थानाच्या आघाडीशी आपल्या लोकांचा जवळचा संबंध आहे. देशावरील व कोकणातील पुष्कळ तरुण मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराक देशात, लढत होते. ११४ वी मराठा पलटण ऑक्टोबरच्या अखेरीस तैग्रीस नदीकाठच्या शर्कात येथील लढाईत होती. तेथील तुर्की सैन्य ३० ऑक्टोबर रोजी शरण आले, आणि त्याच दिवशी दूर समुद्रात, मुद्रोस बंदरातील एका इंग्रज युद्धनौकेवर, तहकुबीच्या सह्या झाल्या. संपूर्ण युद्धात भारतातील सुमारे ७४,००० माणसे कामास आली. त्यांच्या घरच्यांस लढाईचा शेवटचा दिवस कोणता हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हता.

इटलीच्या आघाडीवरील गोष्टही ध्यानात ठेवावी. तेथे ३ नोव्हेंबर रोजी सह्या झाल्या, पण तहकुबी लागू व्हावयाची होती ४ तारखेस दुपारी तीन वाजता. ऑस्ट्रियाच्या शिपायांनी आधीच शस्त्रे खाली ठेवली. इटलीचे सैन्य मात्र पुढे चालतच राहिले. त्या अवधीत ऑस्ट्रियाचे लाखो शिपाई कैद झाले. सही व अंमल ह्यांमधील काळ किती भयंकर असू शकतो, ह्याची ही आठ दिवस आधीची सूचना होती. परंतु ती कोणी मनावर घेतली असे दिसत नाही.

२. आगगाडीच्या डब्यातील सही

आता एकच मोठी आघाडी उरली, ती फ्रान्स व बेल्जममधील. ८ नोव्हेंबर रोजी जर्मनीचे वकील माथियास एर्त्सबर्गर ह्यांच्या पुढारपणाखाली कोंप्येन्यच्या अरण्यात आले. तेथे रुळावर उभ्या असलेल्या आगगाडीच्या डब्यात सरसेनापती फॉश ह्यांनी त्यांस अटी दिल्या व उत्तरासाठी ७२ तासांची मुदत घातली. बोलणे चालू असेपर्यंत तरी लढाई थांबवावी, अशी एर्त्सबर्गर ह्यांनी विनंती केली. फॉश ह्यांनी ती नाकारली.

११ तारखेस पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या. फ्रान्समधील घड्याळाप्रमाणे सकाळी अकरा वाजता गोळीबार बंद व्हावा असे ठरले. म्हणजे मध्ये सहा तासांस थोडेसे कमी इतका वेळ राहिला. हा वेळ अगदीच निष्कारण ठेविला होता असे नाही. शेकडो मैल पसरलेल्या खंदकांतील लाखो शिपायांस निरोप पोहोचावयाचा होता. बिनतारी यंत्राने, टेलिफोनने, घोडेस्वारांनी व पायी धावणाऱ्या निरोप्यांनी तो पोहोचविला गेला. पण निरोप पोहोचल्यावर अकरापर्यंत काय करावे? बहुतेक ठिकाणी हुकूम पूर्वीचेच राहिले.

३. सहा तासांतील चार माणसे

मोठी संख्या ऐकून मन बधिर होते. म्हणून चार माणसांकडे पाहू.

पहिला जॉर्ज एलिसन, वय ४०, इंग्लंडातील लीड्स गावचा, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेला. १९१४ साली तो बेल्जममधील मॉन्स गावाजवळ लढला होता. चार वर्षे वाचून तो पुन्हा त्याच मॉन्सजवळ आला आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास टेहळणीवर असता मारला गेला. सेंट सिंफोरियन येथील दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यासमोर काही पावलांवर जॉन पार ह्याची कबर आहे. पार हा युद्धात पडलेला पहिला इंग्रज शिपाई समजला जातो. तो २१ ऑगस्ट १९१४ रोजी मेला. पहिल्या व शेवटच्या कबरीमध्ये इतकेच अंतर. मधल्या अंतरात मात्र लाखोंची मरणे आहेत.

दुसरा ओग्युस्तँ त्रेब्युशों, फ्रान्सच्या डोंगराळ भागातील मेंढपाळ, वयाने तोही चाळिशीचा. युद्धाच्या आरंभापासून तो सैन्यात निरोप्याचे काम करीत होता. म्यूझ नदी ओलांडावी असा त्याच्या पलटणीस हुकूम झाला होता. अकराला थोडी मिनिटे असता, साडेअकरा वाजता जेवणासाठी जमावे एवढाच निरोप घेऊन जात असता, त्याला गोळी लागली. पुढे त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर अशी लिहिण्यात आली. शांतीच्या दिवशी मनुष्य मेला हे सांगण्याची लाज वाटली, असेच त्यावरून दिसते.

तिसरा जॉर्ज प्राइस, कॅनडाचा, वय २५. तो मॉन्सजवळच्या एका खेड्यात १० वाजून ५८ मिनिटांनी पडला.

चौथा हेन्री गुंथर, अमेरिकेतील बाल्टिमोर शहरचा, जर्मन वंशाच्या घरातला. युद्धातील हालांविषयी घरी पत्र लिहिल्यामुळे त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला होता. गेलेली अब्रू परत मिळवावी अशी त्याला तळमळ होती असे त्याचे सोबती सांगत. १० वाजून ५९ मिनिटांनी तो जर्मन मशीनगनवर चालून गेला. समोरचे जर्मन हातवारे करून 'परत जा' असे ओरडत होते. तो थांबला नाही, तेव्हा त्यांनी गोळी झाडली. मेल्यावर त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला.

त्याच सकाळी अमेरिकेच्या एका डिव्हिजनने स्तने हे गाव हल्ला करून घेतले. तेथे शिपायांच्या स्नानाची सोय होईल, हे एक कारण सेनापतीने दिले. त्यात तीनशेंहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. दोन तास थांबले असते तर त्या गावात हात हलवीत चालत जाता आले असते. दुसऱ्या काही सेनापतींनी मात्र आपली माणसे खंदकातच बसवून ठेविली. हुकुमाची चौकट सर्वांस सारखीच होती. तिच्या आत राहून काय करावयाचे हे ज्याच्या त्याच्या हाती होते. पुढे अमेरिकेच्या कायदेमंडळात ह्या मृत्यूंविषयी चौकशी झाली, परंतु कोणास शासन झाले नाही.

४. जेथे अकरा वाजलेच नाहीत

पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती लेट्टोव्ह-फोर्बेक ह्याला ह्या सहीची वार्ताच नव्हती. ११ तारखेस त्याची फौज आजच्या झांबिया देशातील कासामा गावाकडे चालली होती. दुसऱ्या दिवशीही चकमक झाली. मग पकडलेल्या एका इंग्रज मोटारसायकलस्वाराजवळच्या कागदांतून त्याला तहकुबी कळली, आणि २५ नोव्हेंबर रोजी त्याने शस्त्रे खाली ठेविली. ह्या आघाडीवर ओझी वाहणारी गरीब आफ्रिकी माणसे लाखाच्या घरात मेली. त्यांतील फार थोड्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत.

उत्तर रशियात ड्विना नदीवरील तुल्गास खेड्यावर त्याच ११ तारखेच्या सकाळी बोल्शेविक सैन्याने हल्ला केला. तेथील अमेरिकन, स्कॉटिश व कॅनेडियन शिपायांस चार दिवस लढावे लागले. तहकुबीच्या अटींत ते युद्ध नव्हतेच.

५. बोध

ह्या दिवसापासून आपण दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, शांतीची सही एका जागी होते, पण शांती माणसागणिक पोहोचवावी लागते. दुसरी, ती पोहोचेपर्यंतच्या वेळाचा हिशेब ज्यांच्या हाती तो वेळ असतो त्यांस द्यावा लागतो.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. एका गावी दोन भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वैर होते. एका शनिवारी सायंकाळी थोरला आमच्या ओसरीवर येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, धाकट्याची पाळी मी त्याला देतो. तुम्हीच त्याला सांगा." आम्हांस फार आनंद झाला. पण आम्ही थकलो होतो. उद्या उपासनेनंतर दोघांस एकत्र बसवून सांगू, असे म्हणून आम्ही निजलो. पहाटे थोरल्याचा मुलगा नेहमीप्रमाणे पाणी वळविण्यास गेला, कारण त्यालाही कोणी सांगितले नव्हते. धाकटा फावडे घेऊन आला. मुलाचा हात मोडला, आणि तो पुन्हा सरळ झाला नाही. समेट आदल्या रात्रीच झाला होता. तो आमच्या उशाशी पडून होता. त्या मुलाला पाहिले म्हणजे आम्हांस आजही खाली पाहावे लागते.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुमच्या हाती समेटाचा निरोप आला तर तो त्याच रात्री पोहोचवा. आणि ज्यांच्या शब्दावर चार माणसे उठतात व बसतात, अशा पाटलांनी, पंचांनी व वडील माणसांनी अकरा वाजण्याची वाट पाहू नये.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न

१. सही व गोळीबार बंद होणे ह्यांमध्ये किती वेळ होता, आणि तो कशासाठी ठेविला होता?
२. स्तने गावावर हल्ला करणारा सेनापती व आपली माणसे खंदकात बसविणारा सेनापती ह्यांच्यात भेद कोणता?
३. त्रेब्युशों ह्याच्या मृत्यूची तारीख का बदलली असावी?
४. आपल्या गावी मनात मिटलेले पण समोरच्यास अजून न कळविलेले असे कोणते भांडण आहे? ते कळविण्यास कोण जाईल, आणि केव्हा?