चित्रपुस्तकं घ्यायची आहेत? हजार रुपयांचा हिशेब

दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी चांगलं मराठी चित्रपुस्तक आज साधारण पन्नास ते दोनशे रुपयांत मिळतं. हे आधीच सांगते, कारण ‘मुलांची पुस्तकं फार महाग झालीत’ असं म्हणणाऱ्या पालकांच्या डोक्यात बहुतेक वेळा मॉलमधल्या इंग्रजी पुस्तकांच्या किमती असतात. परदेशी छपाईचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तिथे सहज तीनशे-चारशेला असतं; झडपा उघडणारं किंवा बटण दाबल्यावर आवाज करणारं त्याहून महाग. त्याच फळीवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ‘दहा पुस्तकांचा संच, निम्म्या किमतीत’ही असतो, आणि वाढदिवसाची भेट म्हणून हटकून तोच उचलला जातो.

हा संच घेऊ नका, असं मी स्पष्टच म्हणेन. फळं, भाज्या, प्राणी, वाहनं, रंग, आकार यांची दहा छोटी पुस्तकं, प्रत्येक पानावर एक फोटो आणि खाली एक शब्द. तीनशेला दहा म्हणजे तीस रुपयांना एक, हे ऐकायला छान वाटतं. पण पानं उलटून नावं म्हणून झाली की त्यात परत जाण्यासारखं काही उरत नाही. दोन वर्षांच्या मुलाला ‘पुढे काय झालं?’ हवं असतं. कुणीतरी कुठेतरी निघालं, मध्ये काहीतरी घडलं, मग घरी परत आलं, एवढं असलं तरी ते मूल तेच पुस्तक रोज रात्री घेऊन येतं. नव्वद रुपयांचं गोष्टीचं पुस्तक महिनाभर रोज एकदा वाचलं तर एका वाचनाला तीन रुपये पडले, आणि ते महिन्याने संपत नाही. दोनदा उलटून कपाटात गेलेलं तीस रुपयांचं पुस्तक एका वाचनाला पंधरा रुपयांना पडलं. चित्रपुस्तकाची किंमत अशीच मोजावी.

आता वयाचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पुस्तक चघळायचं असतं, फेकायचं असतं. त्याला पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक पुरे, आणि तेही घरी करता येतं. आई, आजोबा, दारातलं मांजर, पाण्याचा तांब्या अशा ओळखीच्या दहा गोष्टींचे फोटो काढून छापून घ्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि वर पारदर्शक कागद लावा. सगळा खर्च दीड-दोनशेच्या आत बसतो आणि कुठल्याही विकतच्या पुस्तकापेक्षा बाळ त्याकडे जास्त वेळ बघतं. दीड ते तीन या वयात पानाला एक-दोन वाक्यं आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ असलेली पुस्तकं घ्यावीत. पैसे खर्चायचं खरं वय मात्र तीन ते सहा. या वयात मूल चित्रातला तपशील शोधतं, पात्रांची बाजू घेतं, तुम्ही एक वाक्य गाळलंत तर लगेच पकडतं.

दुकानात गेल्यावर पुस्तक उघडून बघायला मिळालंच पाहिजे. सीलबंद असेल तर एक प्रत उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणत असतील तर दुसरीकडे जा. आधी मधलं पान उघडा. पातळ पुस्तकं बहुतेक पिन मारून बांधलेली असतात. पिनेची टोकं नीट दाबलेली आहेत ना, हे बोट फिरवून बघा, लहान मुलांच्या हाताला ती लागतात. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत हलकी पिन दोन पावसाळ्यांत गंजते आणि मधलं पान सुटतं. चित्र दोन्ही पानांवर पसरलेलं असेल तर जोडाच्या रेघेत कुणाचा चेहरा तर अडकलेला नाही ना, तेही पाहा.

मग मजकुरावर हात ठेवा आणि नुसतं चित्र बघा. शब्दांत नसलेलं काही चित्रात आहे का? मजकूर म्हणतो, ‘आजी बाजारात गेली.’ चित्रात आजीच्या पिशवीतून टोमॅटो घरंगळलेला दिसतो आणि मागून एक कुत्रं त्याचा वास घेत येतं. हे कुत्रं मजकुरात कुठेच नसतं, पण मूल प्रत्येक पानावर त्यालाच शोधत बसतं. असं पुस्तक वर्षभर टिकतं. मजकुरात ‘मनी झाडावर चढली’ आणि चित्रात फक्त झाडावरची मनी, मागे कोरं आकाश, असं पानामागून पान असेल तर पैसे चित्रांवर वाया गेले.

नंतर एक पान मोठ्याने वाचा, दुकानात लाजू नका. चित्रपुस्तक वाचणारा माणूस मोठा असतो आणि ऐकणारा छोटा, म्हणून वाक्य कानाला चांगलं लागलं पाहिजे. जीभ अडखळली, वाक्य मध्येच लांबलं, घरात कुणी बोलणार नाही असं वाटलं, तर रोज रात्री तुम्हालाच त्याचा कंटाळा येणार. अक्षरही बघा. मोठ्या टाइपात छापलेलं हवं, वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला चिकटलेले नकोत, गडद चित्रावर काळी अक्षरं तर नकोतच. मूल वाचायला लागेल तेव्हा हेच पुस्तक त्याचं पहिलं वाचन होणार असतं.

कुणाची पुस्तकं घ्यावीत? मराठीत सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्यापासून करावी. ‘राधाचं घर’ आणि ‘यशच्या गोष्टी’ या त्यांच्या मालिका ज्योत्स्ना प्रकाशनाच्या. घरातली माणसं, पाहुणे, शाळा, मामाचं गाव, हात मोडणं, असं रोजचंच जग त्यात आहे. लेखन आणि चित्रं एकाच हाताची असल्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून चालतात. त्यांच्या बालसाहित्याला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली बिग लिटल बुक पुरस्कार. सुटी पातळ पुस्तकं साधारण शंभराच्या आसपास मिळतात. पूर्ण संच घ्यायची घाई करू नका. आधी दोन घ्या, मूल कुठलं परत मागतं ते बघा. त्यांचं ‘चित्रवाचन’ही जरूर पाहावं. त्यातली चित्रं मोठी आणि माणसांनी भरलेली आहेत. बोट ठेवून ‘हा काय करतोय?’ विचारत एकेका पानावर अर्धा तास सहज जातो. वाचता न येणाऱ्या आजीआजोबांनाही ते मुलाबरोबर ‘वाचता’ येतं.

याहून स्वस्त हवं असेल तर राष्ट्रीय पुस्तक न्यास आणि प्रथम बुक्स. न्यासाची स्थापना १९५७ची. ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही त्यांची मालिका अनेक भारतीय भाषांत निघते. स्वतःच्या राखाडी रंगावर नाराज असलेल्या रूपा हत्तिणीचं मिकी पटेल यांचं पुस्तक याच मालिकेतलं. प्रथम बुक्स ही २००४ साली सुरू झालेली बेंगळुरूची ना-नफा संस्था. या दोघांची बरीच पुस्तकं शंभराच्या आतली, काही तर पन्नासच्या आसपास. स्वस्त म्हणजे हलकी असा समज करून घेऊ नका. रंगीत चित्रपुस्तकाचा मोठा खर्च चित्रकाराचं मानधन आणि छपाईच्या प्लेटा यांवर होतो. तेच चित्र आठ-दहा भाषांत वापरलं तर तो खर्च विभागला जातो. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला की प्रत्येक भाषेसाठी तेवढी काळी प्लेट बदलावी लागते, बाकीचे रंग तसेच राहतात. उलट फक्त मराठीत निघणारं, हजार-दोन हजार प्रतींचं पुस्तक सगळा खर्च तेवढ्याच प्रतींवर काढतं. म्हणून ते सोळा-चोवीस पानांना शंभर-सव्वाशे रुपये मागतं. मला ती किंमत रास्त वाटते. तीही वाटत नसेल तर मराठी चित्रकारांनी मुलांसाठी काम करायचं कशावर?

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी आणि द्विभाषिक पुस्तकं थोडी महाग, दोनशेच्या आगेमागे. कागद आणि चित्रं उत्तम असतात. घरात दोन भाषा असतील, किंवा मूल परराज्यात-परदेशात वाढत असेल, तर द्विभाषिक पुस्तकाचे जादा पैसे वसूल होतात, कारण मराठी वाचता न येणारा पालकही वाचनात सामील होतो. मराठीतच सगळं असेल तिथे मात्र एकभाषिक पुस्तक बरं, पान मोकळं राहतं.

फुकटचा मार्गही आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं. त्यावर मराठी गोष्टी शेकड्यांनी आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. परवाना मुक्त असल्यामुळे त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, वाटताही येतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मुलांची मराठी पुस्तकं मोफत आहेत. इथे हिशेब जरा नीट करा. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रत एका बाजूला साधारण दहा रुपये पडते. सोळा पानांची गोष्ट पूर्ण आकारात छापली तर एकशे साठ झाले, म्हणजे तेच पुस्तक छापील मिळत असेल तर ते निम्म्याहून कमी किमतीत येतं. म्हणून फुकटच्या गोष्टी आधी स्वतः वाचून निवडण्यासाठी वापरा, प्रवासात वाचून दाखवायला वापरा. छापायचंच असेल तर एका कागदावर चार पानं बसवून छापा. रोज झोपताना फोन हातात घेऊन गोष्ट वाचू नये असं माझं मत आहे. मुलाचं लक्ष पानाऐवजी पडद्यावरच्या बाकीच्या गोष्टींकडे जातं.

खरेदी कुठे? पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बाजीराव रस्त्याचा परिसर, मुंबईत दादरची मराठी पुस्तकांची दुकानं, गावात असाल तर बुकगंगासारखी ऑनलाइन दुकानं किंवा थेट प्रकाशक. छापील किमतीवर दहा टक्के सूट बहुतेक ठिकाणी मिळते, प्रदर्शनांत त्याहून थोडी जास्त. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव न्यासच भरवतो, त्यामुळे त्यांची बालपुस्तकं तिथे निवांत बसून चाळता येतात. छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. बिलात कुणी तो वेगळा लावला तर देऊ नका.

ऑनलाइन घेताना फसगत होते ती पाठवणीच्या खर्चात. साठ रुपयांच्या पुस्तकावर साठ रुपये कुरिअर, हा व्यवहार नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकदम मागवा. स्वतः कुणाला पुस्तकं पाठवायची असतील तर टपाल खात्याने मे २०२५मध्ये त्यासाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. सुरुवातीच्या दरांनुसार तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर रुपये, कर वेगळा. पातळ चित्रपुस्तकं तीनशे ग्रॅमात दोन-तीन बसतात. नातवंडं दुसऱ्या गावी असणाऱ्या आजीआजोबांसाठी याहून स्वस्त भेट नाही.

किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं अलीकडे बऱ्याच शहरांत लागतात. तिथे इंग्रजी चित्रपुस्तकं मिळतात, मराठी जवळजवळ नाहीत. पुठ्ठ्याची पुस्तकं वजनाला भारी असल्याने तिथे ती महाग पडतात. कागदी, मऊ बांधणीची निवडा. झडपांची पुस्तकं घेतलीत तर प्रत्येक झडप जागेवर आहे का ते बघा.

वाचनालयाचा पर्याय आपण उगाच विसरतो. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत बालविभाग असतो, वर्गणीही परवडणारी असते. अडचण एवढीच, की तिथली पुस्तकं बहुधा वाचता येणाऱ्या मुलांची असतात. ग्रंथपालांना चित्रपुस्तकांची यादी लिहून द्या. वाचनालयं दरवर्षी खरेदी करतात आणि वाचकाने लेखी मागितलेलं पुस्तक यादीत येण्याची शक्यता वाढते.

तर हजार रुपये हाताशी असतील तर मी असे खर्चेन: माधुरी पुरंदरे यांच्या मालिकांतली तीन सुटी पुस्तकं, साधारण तीनशे, प्रथम बुक्स आणि न्यास यांची मिळून सहा, साडेतीनशेच्या आत, तूलिकाचं एक, दोनशे. उरलेले दीडशे वर्षाच्या मध्यात मूल ज्या प्राण्याच्या, गाडीच्या किंवा पात्राच्या मागे लागलं असेल त्यासाठी राखून ठेवायचे. तीनशेच असतील तर प्रथमची चार घ्यायची, बाकी वाचनालय आणि स्टोरीवीव्हर.

आणि एक विनंती. दुकानात ही पुस्तकं मागच्या फळीवर असतात, पुढे प्लॅस्टिकचे संच असतात. गेल्यावर लेखकाचं, प्रकाशकाचं नाव घेऊन मागा. नसेल तर मागवायला सांगा आणि आठवड्याने जाऊन ते घ्याच. दुकानदार खपतं तेच पुढे मांडतो.