सूक्ष्म पोकळीतील लेसर आणि उष्णतामान

गेल्या चैत्रात नौबादचा माळ तापून निघाला असता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘‘सर, माउसमधला लेसर या उकाड्यात चालतो कसा?’’ आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तरी ‘उष्णता वाढली की लेसर दुबळा होतो, पण थोडाच,’ असे ठोकून दिले. पुढे वाचन केले तेव्हा ते उत्तर अर्धेच खरे असल्याचे कळून आले. ते येथे दुरुस्त करीत आहोत.

अर्धवाहक पदार्थात विजेच्या प्रवाहाने इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतात व उतरताना प्रकाश देतात. दोन आरशांमध्ये ये-जा करणारा हा प्रकाश आपल्यासारखाच आणखी प्रकाश निर्माण करवितो. मात्र प्रवाहाने एक विशिष्ट उंबरठा ओलांडल्यावाचून लेसर सुरू होत नाही. उष्णतेने इलेक्ट्रॉन पांगतात आणि तो उंबरठा उंचावतो. म्हणूनच १९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी केलेला असा पहिला लेसर उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागला. आपल्याकडे मुंबईस तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला.

सूक्ष्म पोकळीची गोष्ट निराळी. जपानचे केनिची इगा यांनी १९७७ साली कल्पिलेल्या लेसरमध्ये आरसे इतके जवळ असतात की, त्यांच्यामध्ये एकच उपयुक्त तरंगलांबी मावते. पदार्थ ज्या तरंगलांबीवर सर्वांत जोमाने प्रकाश देतो, ती हिच्याशी जुळली पाहिजे. पण उष्णतामान एका अंशाने वाढले की पदार्थाची तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरने वाढते, पोकळीची जेमतेम ०.०६ ते ०.०७ नॅनोमीटरने.

एक बैल चपळ, दुसरा संथ; बरोबर निघाले तर जोडी फुटणारच. म्हणून कारागीर चपळ बैलाला आरंभी मुद्दाम मागे ठेवतो. थंड असताना पदार्थाची तरंगलांबी आखूड ठेवलेली असते. यंत्र तापते तशी ती पुढे येऊन पोकळीच्या तरंगलांबीला गाठते. तेथे उंबरठा जवळजवळ सर्वांत खाली येतो. त्याहून अधिक तापल्यास तो पुन्हा चढतो, आणि फार गारठ्यातही चढतो! आपली हलगी शेकल्यावाचून नीट बोलत नाही, तसेच काहीसे हे आहे. खोलीच्या उष्णतामानाला अखंड चालणारा असा लेसर १९८८ साली साधला.

हा मसुदा वाचून त्या विद्यार्थ्याने विचारले, ‘‘प्रवाहानेच लेसर आतून तापतो ना? मग बाहेरचा उकाडा मोजून काय होणार?’’ त्याची शंका रास्त आहे. आतील उष्णतामान बाहेरच्याहून अधिकच असते, आणि कारागीर मेळ घालतो तो त्या आतल्या उष्णतामानाशी.